वॉरफरिनला उशीर का लागतो आणि हेपरिनला का लागत नाही

हेपरिन आणि वॉरफरिन या रक्त गोठणे रोखणाऱ्या दोन औषधांतील फरक विचारला की फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांत एक विधान हमखास आढळते: हेपरिन इंजेक्शनने देतात म्हणून ते तत्काळ काम करते आणि वॉरफरिन तोंडावाटे घेतात म्हणून त्याला उशीर लागतो. यातील माहिती खरी आहे, पण तिला चिकटवलेले कारण साफ चुकीचे आहे. वॉरफरिन आतड्यातून जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते आणि काही तासांतच रक्तातील त्याची पातळी सर्वोच्च होते. ते शिरेतून दिले तरी गुठळी रोखण्याचा परिणाम लवकर मिळत नाही. उलट रिव्हारोक्साबॅन या गोठणे रोखणाऱ्याच दुसऱ्या औषधाची गोळी तोंडावाटेच घेतात, तरीही तिचा परिणाम दोन-चार तासांत पूर्ण जोरात असतो.

हेपरिनची कार्यपद्धती बहुतेकांना पाठ असते: ते अँटीथ्रॉम्बिन या गोठण्याला आवर घालणाऱ्या प्रथिनाला जोडले जाते, त्याची क्रिया सुमारे हजार पटींनी वाढवते, आणि थ्रॉम्बिन व सक्रिय फॅक्टर १० हे फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारी प्रथिने, निष्प्रभ होतात. यात लक्षात ठेवायचे ते एवढेच की हे सर्व घटक रक्तात आधीपासूनच हजर असतात.

वॉरफरिन रक्तात हजर असलेल्या एकाही फॅक्टरला हात लावत नाही. ताजे रक्त काचेच्या नळीत घेऊन त्यात हेपरिन मिसळले तर ते गोठत नाही. वॉरफरिन मिसळले तर नेहमीसारखेच गोठते. शिकवताना या प्रयोगापासूनच सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण दोन रकान्यांचा तक्ता पाठ करून जे कळत नाही ते इथे एका क्षणात स्पष्ट होते. वॉरफरिनचे काम यकृतात चालते. तेथे फॅक्टर २, ७, ९ आणि १० तयार होताना त्यांना कार्बोक्सिल गट जोडावे लागतात, त्याशिवाय ते कॅल्शियम नीट धरू शकत नाहीत, आणि या जोडणीत वापरले गेलेले व्हिटॅमिन के पुन्हा कामाजोगे करणारे एन्झाइम वॉरफरिन अडवते. यकृत प्रथिने बनवत राहते, पण ती अर्धवट घडलेली असतात. पहिल्या गोळीपूर्वी तयार झालेले सक्षम फॅक्टर मात्र आपापल्या गतीनेच नाहीसे होतात: फॅक्टर ७ चे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा वेळ) सुमारे ६ तास, तर फॅक्टर २, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, याचे ६० तास किंवा त्याहून अधिक. उशीर आहे तो इथे.

यातूनच एक फसवी स्थिती उद्भवते. फॅक्टर ७ लवकर घटल्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा चाचणीचा आकडा) एक-दोन दिवसांतच वाढू लागतो आणि औषध लागू पडले असे वाटते, पण प्रोथ्रॉम्बिन अजून पुरेसे शिल्लक असल्याने गुठळीपासून खरे संरक्षण मिळालेले नसते. त्यातच, गोठण्याला आवर घालणारे प्रोटीन सी हेही व्हिटॅमिन के वरच अवलंबून असते आणि त्याचे अर्धायुष्य सुमारे ८ तासच असल्याने तेही लवकर कमी होते, म्हणजे आरंभी काही काळ तोल गोठण्याच्या बाजूला झुकू शकतो. शिरेतील ताज्या गुठळीच्या उपचारात हेपरिन आणि वॉरफरिन किमान ५ दिवस, आणि आयएनआर २ किंवा त्याहून अधिक होऊन २४ तास उलटेपर्यंत, एकत्र देतात ते याच कारणाने. याला नुसती ‘खबरदारी’ म्हणून मोकळे होणारी टिपणे पाहिली की खरोखर वाईट वाटते.

उरलेले फरक सोपे आहेत. साध्या हेपरिनवर एपीटीटी या रक्त गोठण्याच्या वेळेच्या दुसऱ्या चाचणीने लक्ष ठेवतात, वॉरफरिनवर आयएनआरने. हेपरिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून गर्भापर्यंत जात नाही, वॉरफरिन जाते आणि गर्भाला अपाय करू शकते.

या औषधांवरचे उतारे, म्हणजे त्यांचा परिणाम उलटवणारी औषधे, मात्र पाठ करण्याऐवजी तर्काने काढावेत. हेपरिनचा रेणू आम्लधर्मी असून रक्तातच काम करत असल्याने आम्लारिधर्मी प्रोटामिन त्याला बांधून काही मिनिटांत निष्प्रभ करते. वॉरफरिनवर व्हिटॅमिन के दिले तरी यकृताला नवे सक्षम फॅक्टर घडवावे लागतात आणि त्यात कित्येक तास जातात. म्हणून जिवावर बेतणाऱ्या रक्तस्रावात व्हिटॅमिन के सोबत तयार फॅक्टरांचे प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स कॉन्सन्ट्रेट शिरेतून देतात.