एकच अंतर, मग जायला आठ तास आणि यायला सात कसे?

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि फ्लाइट टाइम सांगणारे कॅल्क्युलेटर नेटवर ढिगाने आहेत. लंडन-न्यूयॉर्क टाकलं तर साधारण ५,५५० किलोमीटर येतं. त्यातले बरेचसे काय करतात, तर अंतराला ८००-९०० च्या ठरलेल्या स्पीडने भागतात, टेकऑफ-लँडिंगचा अर्धा तास वर टाकतात, झालं. शहरं उलटी टाकली तरी आकडा तोच. पण खऱ्या वेळापत्रकात न्यूयॉर्कहून लंडनला यायला सात तासांच्या आसपास लागतात आणि तिकडे जायला जवळपास आठ!

अंतराचं म्हणाल तर ते बरोबर असतं. ते सपाट नकाशावरचं नसतं, गोलावर दोरा ताणून धरला तर जो सगळ्यात छोटा मार्ग मिळेल तो असतो, म्हणून तर विमानाचा रूट नकाशावर उत्तरेकडे वाकडा दिसतो.

खरी गोम वाऱ्यात आहे. काही जणांना वाटतं पृथ्वी खाली फिरते म्हणून फरक पडतो, पण तसं नाही, हवा पण पृथ्वीबरोबरच फिरत असते. विमानाचा स्पीड हा भोवतीच्या हवेच्या तुलनेत असतो आणि ती हवाच पळत असेल तर? साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची गरम हवा जिथे भिडतात तिथे तो तयार होतो, म्हणून हिवाळ्यात जास्त जोरात. वासाबुरो ओइशी नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच फुगे सोडून हे वारे मोजले होते, पण जगाने वाचावं म्हणून रिपोर्ट लिहिला एस्परँटो या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत, मग काय, फारसा कोणी वाचलाच नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर गेली तेव्हा त्यांना तो वारा चांगलाच नडला.

फेब्रुवारी २०२० मध्ये वादळामुळे हा पट्टा इतका जोरात होता की एक बोईंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशोबाने ताशी १,३०० किलोमीटरच्या वर, म्हणजे समुद्रसपाटीच्या आवाजाच्या वेगापेक्षाही जास्त, तरी आवाजाचा वेग ओलांडताना होतो तसा धडाम वगैरे काही नाही कारण हवेच्या हिशोबाने ते नेहमीच्याच स्पीडने चाललं होतं.

आता वाटेल की जाताना तोटा, येताना फायदा, म्हणजे फिट्टंफाट. अजिबात नाही. तेच ५,५५० किलोमीटर, स्पीड ताशी ९०० आणि वारा १५० धरा. वाऱ्यासोबत १,०५० ने सुमारे ५.३ तास, वाऱ्याविरुद्ध ७५० ने ७.४ तास, मिळून १२.७, आणि वाराच नसता तर १२.३! वीसेक मिनिटं गेली ती गेलीच, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ अडकून असतो.

तिकिटावरचा टाइम तर अजून वेगळा, तो गेट ते गेट असतो, त्यात रनवेपर्यंतची रांग आणि उशीर झाला तर हाताशी असावीत म्हणून टाकलेली थोडी मिनिटं पण येतात. त्यामुळे ‘आपण पंधरा मिनिटं लवकर पोचलो’ अशी अनाउन्समेंट झाली की त्यात वाऱ्याचं काम किती आणि त्या आधीच टाकलेल्या मिनिटांचं किती, हे सीटवर बसून कळत नाही.