सौरवादळाचा अंदाज कुठे अडतो?

सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली, की ‘आज रात्री मोबाइल बंद ठेवा, घातक किरण येणार आहेत’ असे संदेश फिरू लागतात. ते खुशाल पुसून टाका. सौरवादळाने हातातला मोबाइल बिघडत नाही. फटका बसतो तो शेकडो किलोमीटर लांबीच्या वीजवाहिन्यांना, उपग्रहांना आणि जीपीएसच्या अचूकतेला. 13 मार्च 1989 रोजी कॅनडातल्या क्युबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास गेली, ती अशाच वादळामुळे.

सौरज्वालेचा प्रकाश आणि क्ष-किरण साधारण 8 मिनिटांत इथे पोहोचतात. ज्वाला दिसते तेव्हा तिचे किरण येऊन ठेपलेले असतात. तिच्याबरोबर कधी कधी अब्जावधी टन विद्युतभारित वायूचा लोट सुटतो (सीएमई), त्याला मात्र बहुधा एक ते तीन दिवस लागतात. करोनाग्राफ नावाची दुर्बीण सूर्यबिंब तबकडीने झाकते आणि एकामागून एक घेतलेल्या चित्रांत लोटाची कड किती सरकली यावरून वेग काढला जातो. अडचण अशी, की थेट आपल्याकडे येणारा लोट समोरून पाहिल्यास सूर्याभोवतीच्या कड्यासारखा दिसतो. त्याची रुंदी वाढताना दिसते, आपल्या दिशेचा वेग थेट मोजता येत नाही. पाठमोरा निघालेला लोटही तसाच दिसतो! म्हणून पोहोचण्याच्या वेळेत दहा-बारा तासांची चूक सहज होते.

पण खरी गाठ पुढे आहे. लोट आपल्यासोबत स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आणतो. पृथ्वीच्या सूर्याकडील बाजूला आपल्या क्षेत्राच्या रेषा उत्तरेकडे रोखलेल्या असतात. लोटातले क्षेत्रही उत्तरेकडे असेल तर बराचसा लोट बाजूने वाहून जातो. ते दक्षिणेकडे असेल तर उलट दिशेच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात आणि नव्याने जोडल्या जातात. लोटातल्या रेषा पृथ्वीच्या रेषांना सांधल्या गेल्या, की ऊर्जा आत शिरायला वाट मिळते. क्षेत्राच्या या उत्तर-दक्षिण घटकाला बीझेड म्हणतात. दक्षिण म्हणजे ऋण. लोटातल्या रेषा दोरखंडासारख्या पिळलेल्या असल्याने लोट अंगावरून जाताना दिशा फिरत राहते. आधी कित्येक तास उत्तर, मग दक्षिण, असेही घडते.

दुरून घेतलेल्या चित्रांवरून बीझेड भरवशाने कळत नाही. तो मोजण्यासाठी लोटातच यान हवे. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे 15 लाख किलोमीटरवर, एल-1 बिंदूजवळ (जिथे यान पृथ्वीसोबतच सूर्याभोवती फिरत राहते), अमेरिकेचे एस आणि भारताचे आदित्य-एल1 ही याने यासाठी ठेवली आहेत. यानातल्या विजेचेही चुंबकीय क्षेत्र असते, त्यामुळे मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण) यानापासून दूर, दांड्यावर बसवावा लागतो. आदित्यच्या 6 मीटरच्या दांड्यावर संवेदकांचे दोन संच आहेत, एक मध्यावर आणि एक टोकाला. दोन्हींच्या नोंदींतल्या फरकावरून यानाचा स्वतःचा वाटा वजा करता येतो.

सेकंदाला 500 किलोमीटर वेगाच्या लोटाला तिथून इथवर यायला 50 मिनिटे लागतात, 1000 च्या लोटाला 25. खात्रीचा इशारा एवढाच.

वादळाच्या रात्री थेट आलेख पाहणार असाल, तर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणाऱ्या केपी निर्देशांकावर विसंबू नका. तो तीन-तीन तासांचा हिशेब आहे, मागून येतो. बीझेड पाहा. तो दहा मिनिटांसाठी उणे 20 नॅनोटेस्लापर्यंत (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरला तर सहसा फारसे काही होत नाही. उणे 10 च्या खाली तीन तास टिकला, की तीव्र वादळ धरून चाला.