मालवण किनारा : अर्थकारण आणि समूहजीवन

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्याची समुद्रालगतची पट्टी. उत्तरेला आचऱ्याची खाडी, दक्षिणेला कर्ली नदीचे मुख आणि मध्ये तोंडवळी, तळाशील, सर्जेकोट, मालवण शहर, वायरी, तारकर्ली, देवबाग अशी गावे. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याचा किनारा सुमारे १२१ किलोमीटरचा आहे. मासेमारी, मुंबईची नोकरी आणि पर्यटन हे तिन्ही व्यवसाय एकमेकांत जितके गुंतलेले या पट्टीत दिसतात तितके जिल्ह्यात इतरत्र क्वचितच.

किनाऱ्याची जमीन अरुंद आहे. देवबागची वस्ती तर एका बाजूला कर्ली आणि दुसऱ्या बाजूला समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर आहे. माडांच्या रांगा आणि घरे सोडली तर तिथे शेतीला जागाच उरत नाही. तळाशीलचीही तीच गत, फक्त तिथे कर्लीऐवजी गड नदी. दोन्ही गावांत पावसाळ्यात आधी चर्चा होते ती धुपीची आणि बंधाऱ्याची, मग बाकीची. २०१९चे क्यार आणि मे २०२१चे तौक्ते ही वादळे या भागाने अंगावर घेतली. तौक्तेनंतर कितीतरी वाड्या अनेक दिवस अंधारात होत्या.

जमीन अशी तुटपुंजी असल्यामुळे इथली मिळकत पूर्वीपासून सामाईक गोष्टींवर चालत आली आहे : समुद्र, जाळे, देवस्थान, वडिलोपार्जित घर. म्हणून या किनाऱ्याचे अर्थकारण समजून घेताना उत्पन्न किती याच्याआधी वाटा कोणाचा आणि तो कसा पडतो, हे पाहावे लागते. इथली बहुतेक भांडणेही त्यावरूनच झाली आहेत.

रापण

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबच लांब जाळे, आणि ते ओढणाऱ्या मंडळींचा गटही. गोव्यातही हीच पद्धत आहे. होडी जाळे घेऊन निघते तेव्हा दोराचे एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात असते. होडी समुद्रात अर्धगोल फेर घेत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक काही अंतरावर किनाऱ्याला आणून देते. मग दोन रांगा दोर ओढू लागतात आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात. जाळ्याची मधली खोळ पाण्यातून वर येईपर्यंत बराच वेळ जातो. शेवटच्या टप्प्यात माणसे कमरेइतक्या पाण्यात उतरून कडा उचलून धरतात, नाहीतर बांगडे उड्या मारून निसटतात. तोवर बायका पाट्या घेऊन आलेल्या असतात. वाळूवरच मासळीची वर्गवारी होते आणि तिथल्या तिथे लिलाव.

एका रापणीला पुष्कळ माणसे लागतात. एका घराच्या आवाक्यातले ते काम नव्हे. त्यामुळे जाळे आणि होडी भागीदारांची असते. मिळकतीतून खर्च वजा करून उरलेल्याचे वाटे पडतात, जाळ्या-होडीचे वेगळे आणि श्रमाचे वेगळे. भागीदारी घरात पिढीजात चालत येते. मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजातील अनेक कुटुंबांचा गावातला दर्जा रापणीतल्या वाट्याशी जोडलेला होता. मधूनच हात लावायला आलेल्यालाही कालवणापुरते मासे द्यायची रीत आहे. आज पर्यटक हौसेने दोराला हात लावतात आणि फोटो काढून निघून जातात. त्यांना बांगडा देतात की नाही, हे त्या दिवशीच्या मासळीवर अवलंबून.

रापण किनाऱ्याजवळच चालते. बांगडा, तारली, पेडवे यांचे थवे काठाशी आले तरच तिला मासे मिळतात. काठापर्यंत पोहोचण्याआधीच थवा बाहेर उचलला गेला तर रापणकर दिवसभर दोर ओढून रिकाम्या जाळ्यासह परततो. मालवणच्या मासेमारीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास मुख्यतः याच एका अडचणीचा आहे.

समुद्रावरचा हक्क

समुद्रतळावरून जाळे ओढत नेणारे यांत्रिक ट्रॉलर आले तेव्हा पहिला मोठा लढा गोव्यात झाला. १९७०च्या दशकातल्या तिथल्या रापणकार आंदोलनातून पारंपरिक मच्छीमारांची देशव्यापी संघटना उभी राहायला बळ मिळाले. त्यानंतर गोव्याने १९८०मध्ये आणि महाराष्ट्राने १९८१मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदे केले. काठालगतचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखावा, ही त्यामागची कल्पना होती. कायदा झाला, पण गस्तीनौका पुरेशा नव्हत्या. शिवाय कर्नाटक आणि गोव्याकडून येणाऱ्या हायस्पीड ट्रॉलरना पकडायचे तर तितक्याच वेगाची नौका हवी, हे उघड आहे.

ट्रॉलरपाठोपाठ पर्ससीन आले. हे जाळे थव्याभोवती गोल टाकून तळाशी पिशवीसारखे आवळतात, त्यामुळे आख्खा थवा एका खेपेत उचलला जातो. आचऱ्यापासून निवतीपर्यंत पर्ससीनवाले आणि पारंपरिक मच्छीमार समुद्रात समोरासमोर आले, हाणामाऱ्या झाल्या, गुन्हे दाखल झाले. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६च्या आदेशाने राज्याच्या सागरी हद्दीत पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर या चारच महिन्यांची मुभा ठेवली आणि परवाने टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरवले. रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७मध्ये बंदी घातली. २०२१मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात गेले आणि कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले. तरी ‘एलईडीवाले दिसले’ ही तक्रार मालवणच्या बंदरावर अजून शिळी झालेली नाही. यात परके आणि आपले अशी सरळ विभागणी नाही, हेही सांगितले पाहिजे. मिनी पर्ससीन घेणारे काहीजण याच गावांतले, कधीकधी याच घरांतले असतात.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. परंपरेने मात्र हंगाम उघडतो तो नारळी पौर्णिमेला. त्या दिवशी मालवण बंदरावर समुद्राला मानाचा नारळ अर्पण होतो, आणि किनाऱ्यावर नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. अलीकडे महिलांच्या नारळ लढवण्याच्या स्पर्धाही भरतात आणि त्यांना गर्दी जास्त होते.

हक्काचा आणखी एक वाद शासनाने स्वतः ओढवून घेतला. एप्रिल १९८७मध्ये मालवणचा समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला : सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला ३ चौरस किलोमीटरहून थोडा जास्त गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या भोवतालचे पाणी गाभ्यात येते. प्रवाळ आणि माशांची पैदास यांच्या दृष्टीने जागेची निवड चुकीची नव्हती. चुकली ती रीत. ज्यांच्या जाळ्यांवर निर्बंध येणार त्यांना विश्वासात न घेताच नकाशा आखला गेला, आणि मग ‘अभयारण्य’ हा शब्द उच्चारला की सभा उधळू लागल्या. परिणामी मच्छीमारांचा राग कायम राहिला आणि प्रवाळालाही फारसे संरक्षण मिळाले नाही. २०१२च्या सुमारास संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सुरू झालेल्या किनारी जैवविविधता प्रकल्पाने वेगळी वाट धरली. लहान मासे निसटावेत म्हणून ट्रॉलच्या जाळ्याला ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची (छिद्रांची) खोळ, बचत गटांकडून खेकडापालन आणि कालवांची शेती, कांदळवनातून फेरी असे उपक्रम त्यात झाले. शेजारच्या वेंगुर्ल्यातल्या महिलांची कांदळवन सफर त्यातून नावारूपाला आली.

चाकरमानी आणि बंद घरे

किनाऱ्याची दुसरी मिळकत मुंबईहून येत असे. गिरण्या, गोदी, पोलीस खाते, छापखाने या ठिकाणी नोकरीला गेलेला माणूस तो चाकरमानी, आणि त्याची मनीऑर्डर घेऊन येणारा पोस्टमन वाडीतल्या प्रत्येक घरी ओळखीचा. जानेवारी १९८२मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर हा ओघ आटला, पण स्थलांतर थांबले नाही. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली, म्हणजे २००१च्या ८,६८,८२५पेक्षा कमी. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,०३६. राज्याच्या बहुतेक भागांत नेमके उलट चित्र असताना हे आकडे समोर येतात, आणि कारण शोधायला लांब जावे लागत नाही : कामाच्या वयाचे पुरुष गावात नसतात. मासळी विकणे, शेती सांभाळणे, बँकेत जाणे, ग्रामसभेला बसणे हे सारे बायकांनी पेलले आहे.

कोकण रेल्वे जानेवारी १९९८मध्ये पूर्ण धावू लागली. मालवणला स्थानक नाही. कुडाळ किंवा कणकवलीला उतरून पुढे एसटी किंवा रिक्षा. तरीही रेल्वेने चाकरमान्याचे गणपतीला येणे सोपे केले. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत बंद घरे उघडतात, भिंतींना रंग लागतो, पडवीत वायर ओढून दिवे टांगतात. पाच किंवा सात दिवसांनी पुन्हा कुलूप.

या कुलपाला एक कायदेशीर बाजू आहे. घर आणि माड असलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांच्या सगळ्या वारसांची नावे असतात. मुंबई, पुणे, बडोदा इथे विखुरलेल्या सर्वांच्या सह्या मिळाल्याशिवाय बँक कर्ज देत नाही, आणि एक चुलता अडून बसला की होम स्टे कागदावरच राहतो. समूहाने एकत्र राहावे म्हणून चाललेली सामाईक मालकी इथे समूहालाच नडते. पण याच गुंतागुंतीमुळे समुद्राकाठच्या पुष्कळ जमिनी बाहेरच्या दलालांच्या हाती गेल्या नाहीत, हेही तितकेच खरे.

गावरहाटी

गावाचे निर्णय आजही अंशतः देवळात होतात. मानकरी, गुरव, घाडी यांची कामे ठरलेली असतात. देवाला कौल लावतात आणि सामूहिक गाऱ्हाणे घालतात. एकजण मागणे मांडत जातो आणि प्रत्येक वाक्याला जमाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतो. यात मुंबईला गेलेल्यांची नोकरी, समुद्रात गेलेल्यांची होडी, गुराढोरांचे आरोग्य, सगळे येते.

आचऱ्याची गावपळण या व्यवस्थेचे सर्वांत ठळक रूप. दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेऊन संपूर्ण गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहायला जाते. सर्व धर्मांची माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह. बाजारपेठ बंद, रस्ते निर्मनुष्य. परत यायचे तेही कौल मिळाल्यावरच. वेशीबाहेरच्या झोपड्यांत जेवणे, गप्पा, भजने चालतात आणि एरवी एकमेकांच्या पायरीला न शिवणारी घरेही शेजारी राहतात. चिंदर आणि वायंगणी या जवळच्या गावांतही ही प्रथा आहे.

मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची भराडी देवीची जत्रा मात्र गावाबाहेरच्यांची झाली आहे. तिची तारीख पंचांगात नसते. गाव ठरवते आणि जाहीर करते, बहुतेक वेळा फेब्रुवारीच्या आसपास. मग रेल्वेच्या विशेष गाड्या सुटतात, एसटीच्या जादा फेऱ्या लागतात आणि मुंबईचे यच्चयावत राजकीय पुढारी रांगेत दिसतात. दोन दिवसांत खाजे, मालवणी मसाला, सुके मासे यांची जी विक्री होते ती कित्येक छोट्या विक्रेत्यांसाठी हंगामाची मोठी कमाई असते. जत्रांच्या रात्री दशावतार रंगतो; पेटी, मृदंग आणि झांजेवर उजाडेपर्यंत चालणाऱ्या या नाटकाच्या कंपन्या हाही कलावंतांना हंगामी रोजगार देणारा धंदाच.

पर्यटन

सिंधुदुर्ग हा १९९७मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला. त्याआधीपासून कोकणाचा कॅलिफोर्निया करण्याची आश्वासने ऐकून लोकांचे कान किटले होते; ती आश्वासने एकीकडे चालू राहिली आणि पर्यटन दुसऱ्याच मार्गाने वाढले. शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग किल्ला पाहायला लोक पूर्वीही येत. किल्ल्यावर आजही मोजकी कुटुंबे राहतात, आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. बंदरापासून किल्ल्यापर्यंतची प्रवासी होडी वाहतूक स्थानिक होडीवाल्यांच्या संघटनेतर्फे चालते. पावसाळ्यात ती बंद असते. पुढे तारकर्लीचे स्कूबा डायव्हिंग आणि कर्लीच्या मुखाजवळचे ‘सुनामी आयलंड’ नावाने विकले जाणारे वाळूचे बेट यांनी गर्दीचा ओघ दक्षिणेकडे वळवला.

पैसा आला तो मुख्यतः घरांतून. मागच्या पडवीच्या दोन खोल्या झाल्या, अंगणात चार टेबले लागली, आणि पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई खानावळ चालवू लागली. सुरमई थाळीच्या दरावरून पर्यटक कुरकुरतात, पण लिलावात सुरमईच कमी येते, हे त्यांना कोणी सांगत नाही. रापणीच्या मिळकतीत गावाचा वाटा होता. खोल्यांच्या मिळकतीत तसा नाही. रस्त्यालगत आणि समुद्राकडे तोंड असलेल्या घराला ती मिळते, खाडीकडच्या मागच्या घराला फार तर भांडी घासायचे काम. १९९१पासूनच्या किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांमुळे बऱ्याच खोल्या कायद्याच्या नजरेत अनधिकृत ठरत होत्या. २०१९च्या अधिसूचनेने घराचे जोते आणि दर्शनी रूप न बदलता स्थानिकांना होम स्टे चालवण्याची वाट मोकळी केली.

मोठ्या प्रकल्पांचा अनुभव संमिश्र आहे. कर्लीपलीकडच्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले, पण विमानसेवा सलग आणि भरवशाची राहिलेली नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर नौदल दिनी, ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्या जागी २०२५मध्ये नवा, उंच पुतळा उभा राहिला.

पर्यटकांची होडी आणि मासेमारीची होडी यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मे २०२२मध्ये तारकर्लीच्या समुद्रात स्कूबाच्या पर्यटकांची होडी उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हापासून लाइफ जॅकेट, प्रवासी क्षमता आणि नोंदणी यांची तपासणी वाढली. मासेमारीच्या नौकेची नोंदणी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, प्रवासी नौकेची मेरीटाइम बोर्डाकडे. एकीच्या परवान्यावर दुसरे काम करता येत नाही. ज्याच्याकडे एकच होडी आहे त्याला डिसेंबरातल्या सुट्ट्यांत मासे धरायचे की माणसे न्यायची, हे हंगामाआधीच ठरवावे लागते.