वाळवी की कूज?

दिवाळीआधी आम्ही कोकणातल्या घराची साफसफाई करतो. चार वर्षांपूर्वी पडवीच्या दाराची चौकट पुसताना काकूचं बोट उंबरठ्याजवळच्या लाकडात रुतलं. घरातली सगळी एकदम म्हणाली, "वाळवी!" त्याच आठवड्यात औषधवाला आला, त्याने भोकं पाडून औषध भरलं आणि पैसे घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यानंतर पाहिलं, तर चौकट आणखी वीतभर वरपर्यंत मऊ झालेली. तिथे वाळवी नव्हतीच. लाकूड कुजत होतं.

ही गल्लत घरोघरी होते, कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं: रंग फुगलेला, लाकूड पोकळ. खरा फरक आतल्या लाकडात असतो. त्या चौकटीचा ढलपा मी काढून पाहिला. ती जुन्या सागाची नव्हती, नंतर कधीतरी बसवलेली पाइनची होती. लाकूड गडद तपकिरी पडलेलं आणि तळं आटल्यावर चिखल भेगाळतो तसं उभं-आडवं तडकून त्याचे चौकोनी तुकडे झालेले. एक तुकडा चिमटीत दाबला, तर त्याची चक्क तपकीर झाली. हाताला वजन लागेना. मातीचा कण नाही, किड्याचा माग नाही. ही बुरशीची कूज. बुरशीचा दुसराही एक प्रकार असतो, त्यात लाकूड फिकं पडतं आणि भिजलेल्या काथ्यासारखे त्याचे धागे सुटतात.

वाळवी खाते ती लाकडाच्या रेषेने. मऊ भाग पोखरते, कडक भाग ठेवते, म्हणून आत लांब पापुद्रे उरतात आणि त्यांच्यामध्ये माती लिंपलेली असते. बाहेरची साल शेवटपर्यंत शाबूत राहते. टकटक केलं की आवाज पोकळ येतो. शिवाय जोत्यावरून किंवा भिंतीवरून पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी वर चढलेली दिसते. ती बोटभर फोडून ठेवा. दोन-तीन दिवसांत परत लिंपली गेली, तर वाळवी आत आहे. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखांचे किडे घोंगावले आणि सकाळी जमिनीवर नुसते पंख पडलेले दिसले, तर वारूळ जवळपासच आहे. (कपाटाखाली मातीशिवाय खसखशीसारखे कण पडत असतील, तर ती कोरड्या लाकडातच राहणारी वाळवी, पिठासारखी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं असतील, तर लाकूड पोखरणारा भुंगेरा.)

अशा तपकिरी कुजीला इंग्रजीत सर्रास 'ड्राय रॉट' म्हणतात, आणि त्या 'ड्राय'मुळे फार घोटाळा होतो. आपल्या हाती येतं तेव्हा लाकूड कोरडं, भुसभुशीत असतं, पण कुजताना ते ओलंच असतं. लाकडात साधारण २० टक्क्यांपेक्षा कमी ओलावा असला, तर बुरशी वाढत नाही. खरी 'ड्राय रॉट' ही सर्प्युला लॅक्रिमॅन्स नावाची एकच बुरशी. तिच्यावर पाण्याचे थेंब दिसतात, म्हणून लॅटिनमध्ये तिला 'रडणारी' म्हटलं. ती दोरीसारख्या तंतूंनी विटांच्या भिंतीतूनही पलीकडच्या लाकडापर्यंत पोचते. हिमालयातल्या जंगलात ती आढळली आहे, पण तिला थंडी लागते. २६ अंशांच्या आसपास तिची वाढ थांबते. इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी माणसाने तिला जरूर घाबरावं. कोकणातली कूज इतर बुरश्यांची असते, आणि ती ओल असेल तेवढ्याच जागी राहते.

म्हणून कुजीवर पहिला उपाय औषध नव्हे, पाणी शोधणं. आमच्याकडे पन्हळीचा सांधा सुटला होता, धार बरोबर उंबरठ्याशी पडत होती. आधी तो सांधा नीट केला आणि चौकट उन्हाळाभर सुकू दिली. मग सुताराने स्क्रू ड्रायव्हर टोचत टोचत, टोक आत जाईना तिथपर्यंत माग काढला आणि त्याच्याही वर हातभर कापून सागाचा जोड दिला. कापलेल्या तोंडांना टाकणखार आणि बोरिक ॲसिडचं पाणी पाजलं. हे पाणी पावसात धुऊन जातं, त्यामुळे वरून रंगाचं आवरण हवंच. पण रंग लाकूड पूर्ण सुकल्यावरच. ओल्या लाकडावर ऑइल पेंट मारणं म्हणजे ओल आत कोंडणं, आणि ही चूक मी फार घरांत पाहिली आहे.

वाळवीचं उलट. नुसतं लाकूड बदलून भागत नाही, नवं लाकूडही ती खाते. तिची वाट जमिनीतून असते, तिथेच अडवावी लागते. भिंत आणि जमीन मिळते त्या कडेने दर ३० सेंटिमीटरवर भोक पाडून औषधाचं पाणी भरतात. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात ही पद्धत दिली आहे. अंगणात विहीर असेल, तर औषधवाल्याला हे आधी सांगा.

कधी दोन्ही एकत्रही सापडतात, कारण कुजकं, ओलं लाकूड वाळवीला सोपं जातं. तेव्हा दोन्ही कामं करावी लागतात. गळती तशीच ठेवून नुसतं औषध मारलं, तर कूज सुरूच राहते.

नव्या जोडाचा पाय सुताराने सिमेंटमध्ये पुरला नाही, चिऱ्यावर टेकवला. यंदा तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबून पाहिला, टोक आत गेलं नाही. माळ्यावरच्या एका वाशाकडे मात्र भिंतीवरून मातीची नळी गेलेली सापडली. मी ती फोडली, तिसऱ्या दिवशी ती परत लिंपलेली होती. औषधवाल्याला रविवारी बोलावलंय.