पाच वेळा पिसून भागत नाही

श्रावण लागला की सांगलीच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक बातमी हमखास दिसायला लागते, ती दिवाळीपर्यंत. अमुक गावच्या शिवारात, पत्र्याच्या शेडमध्ये तीन पानी जुगाराच्या अड्ड्यावर छापा, इतके जण ताब्यात, रोकड, मोबाईल, दुचाकी आणि पत्त्यांचा कॅट असा मुद्देमाल जप्त. मुद्देमालाच्या यादीत कॅट नेहमी शेवटी असतो, कारण त्याची किंमत शंभर रुपयेही होत नाही. मला मात्र त्या कॅटबद्दलच सांगायचं आहे. मी गणित शिकवतो, आणि या बावन्न पानांमध्ये जेवढं सुंदर गणित दडलंय तेवढं क्रमिक पुस्तकाच्या दहा पानांतही सापडत नाही.

अशीच एक बातमी वाचून आलेल्या अकरावीतल्या मुलानं विचारलं, "सर, तीन एक्के सगळ्यात भारी का?" उत्तर मोजूनच द्यायला हवं. बावन्न पानांतून तीन पानं 22,100 प्रकारे निवडता येतात. त्यांत तिन्ही सारखी, म्हणजे ट्रेल, येण्याचे प्रकार 52. एकाच रंगाची सलग तीन पानं, म्हणजे प्युअर सिक्वेन्स, 48. वेगवेगळ्या रंगांची सलग 720, नुसता कलर 1,096, जोड 3,744. उरलेले 16,440 म्हणजे हातात काहीच नाही, सगळ्यात मोठं पान कुणाचं एवढंच बघायचं. खेळातली उतरंड साधारण याच क्रमानं लावलेली आहे: जे दुर्मीळ ते भारी. फक्त सगळ्यात वर गडबड आहे. प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी ट्रेल तिला मारतो. ट्रेलचा मान गणितानं दिलेला नाही, रिवाजानं दिलेला आहे.

तो रिवाज आला इंग्लंडहून. तिथल्या 'ब्रॅग' नावाच्या जुन्या खेळाचं तीन पानांचं रूप आणि आपली तीन पत्ती शेजारी ठेवा. तोच क्रम, ट्रेल तिथेही वर. पानं न बघता खेळणाऱ्यानं बघणाऱ्याच्या निम्मे पैसे टाकायचे, हा ब्लाइंडचा नियमही तोच. पत्त्यांच्या खेळांवर लिहिणारे इंग्रज लेखक एडमंड हॉयल यांनी ब्रॅगवर 1751 मध्ये एक पुस्तिकाच काढली होती. ब्रॅगचं मूळ 'प्रिमेरो' या सोळाव्या शतकातल्या खेळापर्यंत नेतात. तो प्रिमेरो खेळणारा इटलीतला एक वैद्य आणि गणिती, जिरोलामो कार्दानो, यानं जुगारातल्या शक्यतांवर लिहून ठेवलं, ते त्याच्या मरणानंतर 1663 मध्ये छापलं गेलं. तोवर 1654 मध्ये पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांची याच विषयावरची पत्रं होऊन गेली होती आणि संभाव्यतेचं शास्त्र उभं राहायला लागलं होतं.

पत्ते मुळात चीनचे. तिथून पश्चिमेकडे सरकत ते इजिप्तच्या मामलुक सुलतानांकडे पोचले, आणि 1370 च्या दशकात युरोपात त्यांच्यावर बंदी घालणारे हुकूम दिसू लागतात. मामलुकांच्या पत्त्यांत पोलोची काठी हे एक चिन्ह होतं. युरोपात पोलो कुणाला ठाऊक नव्हता, म्हणून त्या काठीचा सोटा झाला. आपले इस्पिक, बदाम, किलवर, चौकट हे मात्र पंधराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये ठरलेले आकार. आपल्याकडे त्याआधी गोल पानांचा गंजिफा होता. बाबरानं 1527 च्या नोंदीत तो सिंधला भेट पाठवल्याचं लिहिलंय, आणि सावंतवाडीत दशावताराची 120 पानं आजही हातानं रंगवली जातात.

कायद्याचं एका परिच्छेदात सांगतो. अड्ड्यावरचा गुन्हा ज्या कायद्याखाली दाखल होतो तो 1887 चा आहे. त्यात कौशल्याच्या खेळांना सूट आहे. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, कारण पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात. त्याच निकालात 'फ्लश' किंवा 'ब्रॅग' म्हणून ओळखला जाणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा, असंही म्हटलंय. कुणी म्हणेल, समोरच्याचा चेहरा वाचणं, थाप मारणं हे कौशल्य नाही का? असेल. पण पानं कशी पडतात यावर त्या कौशल्याचा काडीचाही ताबा नाही. ती पडतात पिसण्यावर. आणि इथून पुढे मला खरं बोलायचंय.

माझे चुलते अप्पा मार्केट यार्डात हळदीच्या वखारीत तोलाईदार होते. आता घरी असतात आणि सुट्टीत पोरं जमली की मेंढीकोट मांडतात, बिनपैशाचा. त्यांच्या कॅटच्या कडा पिवळ्या पडल्यात, इतकी वर्षं त्याच बोटांनी पानं हाताळली. पिसण्याबद्दल त्यांना अभिमान. कॅट डाव्या हातात आडवा, उजव्यानं मागचा गठ्ठा उचलायचा आणि अंगठ्यानं थोडी थोडी पानं पुढे सोडत जायची. आपल्याकडे जवळपास सगळे असेच पिसतात. मी एकदा कॅट क्रमानं लावून त्यांच्या हातात दिला. एक्का ते राजा, चारही रंग ओळीनं. म्हटलं, पाचदा पिसा. त्यांनी पिसला आणि म्हणाले, "आता बघ बाळ, एक तरी पान जाग्यावर राहिलंय का."

जाग्यावर खरंच एकही नव्हतं. पण सतरंजीवर पानं ओळीनं मांडली तर इस्पिक पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी हातात हात घालून बसलेल्या. पुढे बदाम गुलाम आणि राणी. त्यापुढे किलवर दुर्री, तिर्री. अप्पा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले.

हे का झालं ते हिशोबानं बघा. बावन्न पानांमध्ये फटी 51. एकदा पिसताना अप्पा साधारण आठ झुबके सोडतात, म्हणजे 7 फटी उघडतात. बाकीच्या 44 ठिकाणी शेजारी शेजारीच राहतात. एका फेरीत शेजार टिकण्याची शक्यता 51 पैकी 44, म्हणजे 86 टक्के. पाच फेऱ्यांनंतर 86 टक्क्यांचे 86 टक्के असं पाच वेळा करा, उत्तर येतं 48 टक्के. म्हणजे जवळपास 24 जोड्या अजून तशाच. पूर्ण मिसळलेल्या कॅटमध्ये अशी जोडी सरासरी एकच सापडते. या पद्धतीनं कॅट नीट मिसळायला किती फेऱ्या लागतील यावर गणितज्ञ रॉबिन पेमँटल यांनी 1989 मध्ये काम केलं. बावन्न पानांसाठी तो आकडा हजारांच्या घरात जातो. एवढा वेळ अड्ड्यावरही नसतो.

दुसरी पद्धत सगळ्यांनी सिनेमात पाहिली असेल. कॅटचे दोन भाग करायचे, दोन्ही कोपरे जवळ आणायचे आणि अंगठ्यांखालून पानं फर्रकन सोडत एकमेकांत घुसवायची. याला रिफल म्हणतात. हा प्रकार इतका ताकदवान का आहे, ते कळण्यासाठी आठ पानं घ्या, 1 ते 8. दोन भाग: 1 2 3 4 आणि 5 6 7 8. एकदा रिफल केल्यावर समजा ओळ अशी आली: 1 5 2 6 7 3 4 8. विस्कटल्यासारखी दिसते. पण डावीकडून उजवीकडे फक्त 1, 2, 3, 4 शोधत जा. चौघंही क्रमानं सापडतात. मग 5, 6, 7, 8 शोधा, तेही क्रमानं. म्हणजे ओळीत दोन चढत्या साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत. रिफल साखळी तोडून दोन करतं आणि गुंफतं, साखळीच्या आतला क्रम ते कधीच बदलत नाही.

दुसऱ्या रिफलमध्ये प्रत्येक साखळीचे फार तर दोन तुकडे होतील, म्हणजे जास्तीत जास्त 4. तिसऱ्यात 8, चौथ्यात 16, पाचव्यात 32. आता उलट बाजूनं विचार करा. पूर्ण मिसळलेल्या बावन्न पानांत चढत्या साखळ्या सरासरी साडेसव्वीस असतात. तीन वेळा रिफल केलेल्या कॅटमध्ये आठच्या वर असूच शकत नाहीत. जाणकाराला तो कॅट उघड्या पुस्तकासारखा वाचता येतो. त्यातलं एक पान तुम्ही काढून दुसरीकडे खुपसलंत, तर एकट्याचीच साखळी करून बसलेलं ते पान तो बहुतेक वेळा नेमकं उचलतो. यावर जादूचे जुने प्रयोग बेतलेले आहेत. पूर्ण उलटा क्रम, म्हणजे 52, 51, 50 पासून 1 पर्यंत, यात तर 52 साखळ्या आहेत, प्रत्येकीत एकच पान. पाच रिफलनी 32 च्या वर जाता येत नाही. म्हणजे तुम्ही कितीही हातचलाखीनं पाच वेळा रिफल करा, हा क्रम येणं अशक्य आहे. कठीण असं मी म्हणत नाही, अशक्य. सहाव्या रिफलला मर्यादा 64 होते आणि मग कुठे दार उघडतं.

दार उघडलं तरी सगळे क्रम सारख्याच सहजतेनं येतात असं नाही. रिफलचं गणिती रूप अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत एडगर गिल्बर्ट आणि क्लॉड शॅनन यांनी 1955 मध्ये मांडलं होतं. ते घेऊन डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस यांनी 1992 मध्ये नेमकं मोजलं. हे डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून एका जादूगाराबरोबर गेले होते, पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. आदर्श मिसळीपासूनचं अंतर त्यांनी 1 ते 0 असं मोजलं. 1 म्हणजे काहीच मिसळलेलं नाही, 0 म्हणजे पूर्ण मिसळलं. पाच रिफलनंतर हे अंतर 0.92, सहानंतर 0.61, सातनंतर 0.33, आठनंतर 0.17, नऊनंतर 0.09. पाचपर्यंत जवळजवळ ढिम्म, आणि मग दरड कोसळावी तसं खाली. सातपासून पुढे प्रत्येक रिफल ते निम्मं करतं. 'सात वेळा पिसा' हा सल्ला इथून आला. मला हा आलेख कोणत्याही राजा-राणीपेक्षा देखणा वाटतो.

आणि मिसळायचं किती असतं? बावन्न पानांचे वेगवेगळे क्रम 8 च्या पुढे 67 आकडे, एवढे आहेत. विश्व जन्मल्यापासून दर सेकंदाला एक क्रम लावत बसलो असतो, तरी आतापर्यंत अठरा आकडी संख्याच झाली असती. नीट पिसलेला कॅट हातात घेता तेव्हा तो क्रम पृथ्वीवर पहिल्यांदाच लागलेला असतो, असं बिनधास्त म्हणता येतं.

तीन पत्तीत एक गोष्ट मात्र खेळाला वाचवते. पानं एकेक करून वाटतात. पाच जण बसले असतील तर शेजारची दोन पानं शेजारच्या दोन माणसांकडे जातात, एकाच्या हातात दर पाचवं पान येतं. त्यामुळे मागच्या डावातली जोड जोड म्हणून कुणाच्या हातात पडत नाही. जिथे तिन्ही पानं एकदम वाटतात तिथे मात्र कच्चं पिसणं थेट हातात उतरतं. वाटण्याची ही साधी शिस्त ज्यानं घातली त्याला, पिसणं अपुरं पडतं हे अनुभवानं कळलेलं असावं.

आता 'पत्ता लागतोय' या समजुतीकडे येतो, कारण घरं तिच्यापायी बसतात. सलग आठ डाव हातात काही आलं नाही की माणूस म्हणतो, आता येणारच. जागा बदलतो, कॅट बदलायला लावतो, अमावास्या बघतो, अंगठी घालतो. हातात जोडसुद्धा न येण्याची शक्यता दर डावाला 74 टक्के आहे. सलग आठ डाव असं होण्याची शक्यता 9 टक्के, म्हणजे रोज बसणाऱ्यावर ही वेळ वारंवार येणारच. नवव्या डावातली शक्यता पुन्हा तीच 74. नीट पिसलेल्या पानांना मागचा डाव आठवत नाही आणि अंगठीही दिसत नाही. आमच्या शेजारच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की दाव्याला पुरावा मागा. 'आज माझा दिवस आहे' या दाव्यालाही तो मागायला हवा. मोबाईलवर जिंकण्याची युक्ती विकणाऱ्या व्हिडिओंनाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला, तरी युक्ती विकणारे थांबलेले नाहीत.

अड्ड्यावर एक गोष्ट मात्र शंभर टक्के खात्रीची असते: नाल. जागा देणारा प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो. समजा पाच जणांनी हजार हजार आणले, दर डावाला दोनशे जमले आणि नाल दहा रुपये. 500 डावांनंतर पाच हजार रुपये पूर्ण नालवाल्याकडे गेले. पाचांपैकी कोण हरला आणि कोण जिंकला, हा प्रश्नच तोवर उरत नाही. या हिशोबाला बेरीज-वजाबाकी पुरते.

सातचं गणित मी अप्पांना सांगितलं. त्यांनी रिफल करून पाहिलं, पण त्यांची बोटं आता वळत नाहीत आणि जुनी पानं सरकत नाहीत. थोडा वेळ विचार करून त्यांनी सगळा कॅट सतरंजीवर पालथा ओतला आणि वाळवणाची हळद पसरतात तशी दोन्ही तळव्यांनी पानं गोल गोल फिरवायला सुरुवात केली. आतली बाहेर, बाहेरची आत, मिनिट-दीड मिनिट. मग गोळा करून ठोकून सरळ केली आणि माझ्यापुढे ठेवली. मी मांडून बघितली. इस्पिक पंजी एका टोकाला होती, छक्की मधोमध, आणि सत्ती शोधायला पोरांना हाक मारावी लागली.