लिंकनचा जाहीरनामा वेगळा, तेरावी दुरुस्ती वेगळी

घरीच शिकणाऱ्या मुलांसाठी इथे अमेरिकेत जे वर्कशीट फिरतात, त्यांत एक प्रश्न हमखास असतो: गुलामांना कोणी मुक्त केलं आणि कधी? अपेक्षित उत्तर, लिंकनने, १८६३ साली. खाली रंगवायला तुटलेल्या साखळीचं चित्र. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गची, म्हणजे जुनं गावच म्युझियम म्हणून जपलेल्या जागेची, सहल ठरली की आपल्या मराठी पालकांच्या गटातही हाच कागद पुढे सरकवला जातो. मला त्या कागदाचा मनापासून वीट आलाय.

लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगते. यादवी युद्ध चालू, सप्टेंबर १८६२ मध्ये संघराज्यातून फुटलेल्या बंडखोर राज्यांना इशारा, १ जानेवारी १८६३ ला सही. (इशाऱ्याची तारीख धरायची की सहीची, यावर लोक हिरिरीने भांडतात. सहीची धरा आणि पुढे चला.) देशभर गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मात्र बहुतेकांना त्याच कामाची उरलीसुरली कागदपत्रं वाटते, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

जाहीरनामा हा कायदा नव्हता. सैन्याचा सरसेनापती म्हणून राष्ट्राध्यक्षाने युद्धात काढलेला तो हुकूम होता. एखाद्या राज्यातली गुलामगिरी रद्द करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला घटनेने दिलेलाच नव्हता. शत्रूचं बळ तोडायला शत्रूच्या मुलखातली माणसं सोडवणं मात्र युद्धाच्या सबबीवर करता येत होतं. म्हणून हुकूम बंडखोर मुलखापुरताच निघाला. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेअर या राज्यांत गुलामगिरी होती, पण ती संघराज्य सोडून गेली नव्हती, त्यामुळे त्यांना हात लागला नाही. टेनेसी अख्खं वगळलं. लुइझियाना आणि व्हर्जिनियातले संघराज्याच्या सैन्याने घेतलेले काही भाग तर नावानिशी वगळले. आणि जिथे हुकूम लागू झाला, तिथेही गुलामगिरीचे कायदे रद्द झाले नाहीत; तिथे गुलाम असलेली माणसं मोकळी झाली, एवढंच. युद्ध संपल्यावर कोर्टाने हा हुकूम मोडीत काढला तर काय, ही धास्ती खुद्द लिंकनला होती.

हे मुलांना फळ्यावर समजावायला गेलं की त्यांचे डोळे मिटायला लागतात. विल्यम्सबर्गमध्ये मात्र ते पायाखालीच आहे. ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्ट्रीट हा तिथला जवळपास मैलभर लांबीचा मुख्य रस्ता; स्थानिक लोक त्याला डॉग स्ट्रीट म्हणतात. यॉर्क आणि जेम्स सिटी या दोन काउंट्यांची (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्हा) हद्द तेव्हा याच रस्त्याने जायची. उत्तरेची बाजू यॉर्कची, दक्षिणेची जेम्स सिटीची. गाव मे १८६२ पासून संघराज्याच्या सैन्याच्या ताब्यात होतं. आता जाहीरनाम्यातली वगळलेल्या काउंट्यांची यादी काढा आणि मुलांना मोठ्याने वाचायला लावा: बर्कली, अकोमॅक, नॉर्थहॅम्प्टन, एलिझाबेथ सिटी, यॉर्क, प्रिन्सेस ॲन, नॉरफोक. यॉर्क सापडलं? जेम्स सिटी शोधा. नाही सापडणार. म्हणजे १ जानेवारी १८६३ ला या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या घरातली गुलाम बाई हुकुमानुसार स्वतंत्र झाली, आणि समोरच्या, उत्तरेकडच्या घरातली झाली नाही. गाव एक, सैन्य एक, रस्ता ओलांडायला वीस पावलं.

याच रस्त्यावर उलट्या टोकाचा शहाणपणाही उघडा पडतो. थोडंफार वाचलेले काका लोक सांगतात, ‘अहो, त्या जाहीरनाम्याने एकही माणूस सुटला नाही, लिंकनची सत्ता होती तिथे तो लागू नव्हता आणि लागू होता तिथे सत्ता नव्हती.’ ऐकायला झकास वाक्य आहे, पण चूक आहे. जेम्स सिटीच्या बाजूला सत्ताही होती आणि हुकूमही लागू होता. दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर तर त्याच दिवशी हजारो लोक मोकळे झाले. सैन्य जसं पुढे सरकत गेलं तसा हुकूमही सरकला, आणि त्यातल्याच कलमामुळे कृष्णवर्णीयांची सैन्यात मोठ्या प्रमाणावर भरती सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जण लढले. रंगवायच्या चित्रापेक्षा मला या काकांचा जास्त राग येतो, कारण त्यांना वाटतं आपण गैरसमज दूर केला.

तेराव्या दुरुस्तीने माणसं निवडली नाहीत, काउंट्या मोजल्या नाहीत. गुलामगिरी ही चीजच देशभर बेकायदा ठरवली, मालक बंडखोर असो की एकनिष्ठ. सिनेटने ती एप्रिल १८६४ मध्ये मंजूर केली, प्रतिनिधिगृहाने ३१ जानेवारी १८६५ ला, आणि ६ डिसेंबर १८६५ ला जॉर्जियाच्या संमतीने राज्यांची लागणारी संख्या भरली. तोवर लिंकनची हत्या होऊन जवळपास आठ महिने झाले होते. मधल्या काळात मेरीलँड आणि मिसुरीने आपापली गुलामगिरी स्वतःच रद्द केली. केंटकी आणि डेलावेअर अडून बसले. आज ज्याची राष्ट्रीय सुट्टी असते ते जूनटीन्थ, म्हणजे १९ जून १८६५, हा टेक्सासमध्ये जाहीरनाम्याची अंमलबजावणी झाल्याचा दिवस. त्या दिवशी केंटकीत गुलामगिरी कायदेशीरच होती. हे वाक्य मोठ्या मुलांना आवर्जून सांगा. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी दुरुस्तीने चालू ठेवली, हेही त्यांनाच सांगा. लहानांना एवढ्यात नको.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती लिंकनला नव्हे, युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना. आपल्या मुलांना वर्कशीटमधला ‘कोणी मुक्त केलं’ हा प्रश्न विचारण्याआधी ही अर्पणपत्रिका दाखवावी.

आता म्युझियमबद्दल. विल्यम्सबर्ग दाखवतं ते अठरावं शतक. ऐतिहासिक व्यक्तीची भूमिका करणाऱ्या कलाकाराला ‘लिंकन कधी येणार?’ विचारलंत तर तो ‘कोण लिंकन?’ असंच म्हणणार, त्याच्या लेखी साल १७७५ आहे. मुलं हिरमुसतात. त्याऐवजी त्याला लॉर्ड डनमोरबद्दल विचारायला सांगा. हा व्हर्जिनियाचा शेवटचा ब्रिटिश गव्हर्नर. नोव्हेंबर १७७५ मध्ये त्याने हुकूम काढला की ब्रिटिश राजाविरुद्ध बंड केलेल्या मालकांचे जे गुलाम शस्त्र हाती घेऊन राजाच्या सैन्यात येतील ते स्वतंत्र. (तेव्हा तो विल्यम्सबर्गमधल्या गव्हर्नरच्या राजवाड्यात नव्हता, नॉरफोकजवळ जहाजावर होता, मुलांना राजवाड्याच्या पायऱ्यांवर उभं करून हा हुकूम ‘इथूनच’ निघाला म्हणून सांगू नका.) राजाशी एकनिष्ठ असलेल्यांचे गुलाम गुलामच राहिले, डनमोरचे स्वतःचेही. युद्धातला हुकूम म्हणजे काय, तो कोणाला लागू होतो आणि कोणाला सोडतो, हे दहा वर्षांच्या मुलाला डनमोरवरून चटकन कळतं. मग लिंकनकडे या. दोघांच्या हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे हे नंतर बोलता येतं, हुकुमाची घडण आधी कळू दे.

एक गोष्ट मात्र करू नका. अर्ध्या मुलांना मालक आणि अर्ध्यांना गुलाम बनवून ‘अनुभव’ देऊ नका. रस्त्याच्या दोन बाजूंना उभी राहिलेली मुलं हातात यादी घेऊन काउंट्या शोधत असावीत, कोणाच्या तरी यातनांचं नाटक करत नसावीत. भूमिका करणं प्रशिक्षित लोकांचं काम आहे आणि तिथे ते ती चांगली करतात.

वेळ उरला तर गाडीने पाऊण तासावर हॅम्प्टन आहे. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात इमॅन्सिपेशन ओक हे झाड आहे; १८६३ मध्ये कृष्णवर्णीय लोकांनी त्याच्याखाली जमून जाहीरनामा ऐकला असं सांगतात. हॅम्प्टन तेव्हा एलिझाबेथ सिटी काउंटीत होतं. मुलांनी यादी नीट वाचली असेल तर हे नाव ऐकताच त्यांनी तुम्हाला टोकायला हवं.