शेवरले : भारतातील माघार

जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने शेवरले मोटारींची भारतातील विक्री २०१७ च्या अखेरीस थांबवली. १८ मे २०१७ रोजी ही घोषणा झाली. दक्षिण आफ्रिकेची बाजारपेठ सोडत असल्याचेही त्याच दिवशी जाहीर झाले. तेव्हा भारतातील मोटारविक्रीत कंपनीचा वाटा एक टक्क्याच्याही खाली होता.

मुंबईने या कंपनीची पाठ त्याआधीही पाहिली होती. १९२८ मध्ये तिने शिवडीला जोडणी कारखाना काढला. सुट्या भागांच्या पेट्या बंदरात उतरत आणि शिवडीतून मोटारी, ट्रक होऊन बाहेर पडत. टॅरिफ कमिशन या सरकारी आयोगाच्या १९५३ च्या शिफारशींनंतर नुसती जोडणी पुरेनाशी झाली, भाग इथेच बनवण्याची अट आली आणि कंपनीने गाशा गुंडाळला. १९९० च्या दशकात ती परतली ती ओपेल या आपल्या तेव्हाच्या जर्मन ब्रँडचे नाव घेऊन, गुजरातेत हलोलला. शेवरले २००३ मध्ये आली, २००६ मध्ये ओपेल गेली.

मुंबईकरांच्या लेखी शेवरले म्हणजे तवेरा. मूळची इसुझू या जपानी कंपनीची पँथर, २००४ पासून भारतात. गणपतीला कोकणात निघालेल्या तवेऱ्यात मागच्या सीटवर दाटीने मुले, टपावर ताडपत्रीखाली बॅगा आणि कुणाच्या तरी मांडीवर मखराचे सामान, हे दृश्य दादर-परळच्या चाळींना पाठ होते.

वॉरंटी, सर्व्हिस आणि सुटे भाग मिळत राहतील, असे कंपनीने जाहीर केले होते. तरी जुन्या गाडीचा भाव पडला तो पडलाच. सुट्या भागासाठी मेकॅनिक झिजलेला नमुना कागदात गुंडाळून कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जातो, दुकानदारापुढे ठेवतो आणि एकेक जुना भाग त्याच्याशी लावून पाहतो. नावावरून मागितलेल्या पार्टपेक्षा असा जुळवलेला भरवशाचा.

खरा घाव बसला तो पुण्याजवळ तळेगावला, कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात. २००८ मध्ये सुरू झालेला तो कारखाना २०१७ नंतर मेक्सिकोसाठी गाड्या बनवत होता. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला व्यवहार फिसकटला, मग २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. त्यात जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री होती. तिथल्या हजारावर कामगारांचा मात्र त्यात समावेश नव्हता. नव्या मालकाने आपल्याला कामावर घ्यावे, यासाठी त्यांनी उपोषण केले.